अँजिओप्लास्टीनंतर वडील गप्प झालेत, कोल्हापुरात समुपदेशक कुणाला माहीत आहेत का?

वडील ६१ वर्षांचे, तीन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. बीपी-शुगर आटोक्यात, तंबाखू सुटली. पण रंकाळ्यावरचं फिरणं, तालमीजवळचा कट्टा सगळं बंद. पहाटे तीनला उठून भिंतीला टेकून बसतात. २००४ च्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात ताण आणि नैराश्य हार्ट अटॅकच्या मोठ्या जोखमींत धरलंय, म्हणून घोर लागलाय. हृदयाचे डॉक्टर 'होईल हळूहळू' म्हणतात. मानसोपचाराचं नाव काढलं की, "मला काय येड लागलंय व्हय?" रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे आमच्या मनानं झोपेची गोळी देणार नाही.

हृदयरुग्णांसोबत काम केलेले, संध्याकाळी सहानंतर भेटणारे समुपदेशक कुणी आहेत का? आणि पहिल्यांदा त्यांना काय सांगून न्यायचं?