खरूज: अख्ख्या घराला झाली असेल तर मलम की गोळी?

अस्मिता:
घरात एकाला खरूज झाली की सगळ्यांना खरजेचे किडे मारणारं पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम सांगतात. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं आणि ८ ते १४ तास अंगावर ठेवायचं. लोक मात्र खाजतं तेवढ्यापुरतंच लावतात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, बेंबी, पाठीचा मधला भाग सुटतो. हात धुतल्यावर पुन्हा लावायचं असतं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की मोठ्या कुटुंबात किंवा वसतिगृहात डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनची गोळी आधी द्यावी. फिजीतला २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. सरसकट गोळी दिलेल्या वस्तीत खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आलं. सरसकट मलम दिलं तिथे ते ४२ वरून १६ वर आलं.

निरंजन:
साफ असहमत. त्याच अभ्यासात लहान मुलांना आणि गरोदर बायकांना गोळीऐवजी मलमच दिलं होतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. १५ किलोखालच्या मुलाला ही गोळी सहसा देत नाहीत. मग घरातल्या तान्ह्या बाळाचं काय? पर्मेथ्रिन दोन महिन्यांच्या बाळालाही चालतं. दुसरं म्हणजे गोळीने किड्यांची अंडी मरत नाहीत, त्यामुळे ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस घ्यावाच लागतो. पहिल्या डोसाने जरा बरं वाटलं की तो राहून जातो.

वैदेही:
मलमाचाही दुसरा हात आठवड्याने लागतोच की! तोही राहून जातोच. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, दोन्हींच्या गुणात फारसा फरक दिसला नव्हता. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून लोक रोज मलम चोपडतात, कातडी सोलवटून घेतात. काहीजण तर निदान व्हायच्या आधीच स्टेरॉइडचं मलम लावून मोकळे होतात. त्याने खाज दबते, खरूज पसरत राहते.

अस्मिता:
निरंजन, बाळाला मलमच, त्यावर वाद नाही. पण बाकीच्यांचं बोला. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात तो इतरांना खरूज देत असतो. ज्याला काहीच होत नाहीये, असा सासरा किंवा कॉलेजातला मुलगा रात्रभर अंगभर मलम लावून झोपेल? वजनाच्या हिशोबाने दिलेली गोळी मात्र तो घेईल. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घेणं गोळीनेच जमतं.

निरंजन:
न खाजणाऱ्या माणसाचा मुद्दा वजनदार आहे. तरी ज्याच्या अंगावर पुरळ दिसतंय, त्याला मलम आधी, आणि ते दुसऱ्या कुणीतरी लावून द्यावं. स्वतःची पाठ स्वतःला पुरत नाही, निम्मं अपयश तिथेच आहे.

वैदेही:
आणि खपल्यांचे जाड थर धरणारी खरूज असेल, तर हा वाद घालत बसूच नका. तिच्यात किडे हजारोंनी असतात. तिथे गोळी आणि मलम दोन्ही लागतात, तेही अनेक वेळा आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.