‘सशस्त्र व्यापारी जहाज’ की आणखी काही?

दर्यावर्दी:
‘ओन्डिना’ या डच टँकरवरचा मजकूर मराठीत आणतोय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बचावापुरती हत्यारं बसवलेल्या व्यापारी जहाजांचा वेगळा वर्गच केला होता. मी ‘सशस्त्र व्यापारी जहाज’ लिहिलं, तपासनिसाने त्याचं ‘लढाऊ जहाज’ केलं. योग्य काय?

मोडीवाचक:
‘लढाऊ’ साफ चूक. अशा जहाजाची मुख्य तोफ पिछाडीला असे, पळता पळता मागे मारा करण्यासाठी. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तोफ चढवली की हेतू पाठलागाचा ठरतो आणि तटस्थ बंदरात कटकट सुरू. गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धात तटस्थ नेदरलँड्सनेच तोफवाल्या व्यापारी जहाजांना युद्धनौका मानून बंदरं बंद केली होती. मे 1940 नंतर त्यांच्याच जहाजांवर तोफा चढल्या.

शुद्धमती:
मग ‘शस्त्रसज्ज’ लिहा. ‘सशस्त्र’ म्हटलं की दरोडाच आठवतो.

खलाशी:
सज्ज कसलं? 11 नोव्हेंबर 1942 ला ओन्डिनाकडे एक 4 इंची तोफ आणि तिचे 32 गोळे होते. सोबतच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’ या छोट्या युद्धनौकेकडे तर 12 पौंडी तोफ. समोर ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ या जपानी हल्लेखोर नौका. नुसती तोफ आणून ठेवली की झालं असंही नाही. व्यापारी जहाजाचा डेक धक्का सोसायला बांधलेला नसतो, खालून आधार दिले नाहीत तर पत्रा वाकतो, सांधे गळतात. युद्धनौकेसारखी नेम धरून देणारी यंत्रणा नाही, गोळा कुठे पडला ते बघून पुढचा मारायचा. प्रशिक्षित गोलंदाज मोजके, गोळे पोचवायला खलाशीच. तरी होकोकु मारूच्या टॉर्पेडो नळ्यांजवळ गोळा बसला, स्फोट झाला आणि ती बुडाली. कोणाचा गोळा, यावर आजही वाद आहे. पुढे ओन्डिनाचे गोळे संपले, तिचा कप्तान हॉर्समन मारला गेला.

शुद्धमती:
‘गोलंदाज’ नको, क्रिकेट वाटतं. ‘तोफची’ लिहा.

मोडीवाचक:
क्रिकेटने तो शब्द तोफखान्यातूनच उचलला! गोळ्याचा ‘अंदाज’ घेणारा तो गोलंदाज.

खलाशी:
ही व्युत्पत्ती प्रत्येक धाग्यावर येते. इथे फारसी ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीरंदाज, बर्कंदाज बघा. तीरंदाज काय तीर मोजतो?

शुद्धमती:
आणि ‘डच’ तरी कशाला? जुन्या कागदांत ‘वलंदेज’ आहे. वेंगुर्ल्याची वखार वलंदेजांची.

दर्यावर्दी:
‘वलंदेज टँकर’? वाचक 17व्या शतकात जाईल. शिवाय वलंदेज काही शुद्ध मराठी नाही, पोर्तुगीज ‘ओलांदेस’वरून आलाय.

शुद्धमती:
आलाय, पण रुळलाय.

मोडीवाचक:
‘डच’ रुळला नाही का? आता ‘टँकर’लाही ‘तेलवाहू तारू’ करणार असाल तर आधीच सांगा.

शुद्धमती:
तेलवाहू चालेल. तारू नको, तारवाला शीड लागतं.

खलाशी:
शीड लागतंच असं नाही…