बाळाला हिपॅटायटिस बी ची लस मिळणारच आहे, मग वेगळं इम्युनोग्लोब्युलिन कशाला?

चौतिसावा_आठवडा
नमस्कार मंडळी. बायकोला आठवा महिना चालू आहे, सुरुवातीच्या रक्ततपासणीत तिचं एचबीएसएजी (म्हणजे अंगात हिपॅटायटिस बीचा व्हायरस आहे का ते सांगणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आलं. तिला त्रास काहीच नाही, कावीळ झाल्याचंही आठवत नाही. काल डॉक्टर म्हणाले की बाळ जन्मलं की १२ तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यायची, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. लस कळली, पण दुसरं म्हणजे दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज म्हणे. आई म्हणते एवढ्याशा जिवाला दोन दोन सुया कशाला, लस आहे ना. मलाही नीट समजावून सांगता येईना आणि रात्रभर झोप नाही. ज्यांनी बाळाला दिलंय त्यांनी प्लीज सांगा.

दोन_पिल्लांची_आई
दादा, तुमच्या बायकोच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी होते म्हणून लगेच लिहितेय. मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलं होतं की लस म्हणजे बाळाच्या शरीराला शिकवणं, पण शिकायला काही आठवडे लागतात आणि व्हायरस तर बाळंतपणातच आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचलेला असू शकतो, तो थोडाच थांबतोय. म्हणून तेवढ्या मधल्या काळासाठी आयत्या अँटिबॉडीज द्यायच्या. त्या उसन्या असतात, काही महिन्यांत संपतात, तोवर लसीमुळे बाळाच्या स्वतःच्या तयार होतात.
आता माझा अनुभव. बाळ शनिवारी मध्यरात्रीनंतर झालं आणि तेव्हा कळलं की ते इंजेक्शन हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये नाहीच!! नवरा रात्रभर वणवण फिरला, दहाव्या तासाला मिळालं. लस मात्र त्यांनी लगेच दिली, दुसऱ्यासाठी अडवून ठेवली नाही, ते बरं केलं. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ देऊ नका, आत्ताच विचारून ठेवा की ते आणून ठेवणार कोण आणि कधी.

नवजात_वॉर्ड
मी बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालते. मोठ्या निरोगी माणसाला हा संसर्ग झाला तर बहुतेकांचं शरीर तो स्वतःच घालवतं, कायमचा राहतो तो साधारण १०० पैकी ५ जणांत. जन्मताना झाला तर उलटं, १० पैकी ९ बाळांत तो कायमचा ठाण मांडून बसतो आणि पुढे मोठेपणी लिव्हर सिरॉसिस, कॅन्सरची भीती. आईचं ई अँटिजेनसुद्धा (व्हायरस जोरात वाढत असल्याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह असेल आणि बाळाला काहीच दिलं नाही तर लागण होण्याचं प्रमाण ७० ते ९० टक्के आहे. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही वेळेत दिली तर ते फारच खाली येतं. डोस फक्त अर्धा मिली असतो, आजींना सांगा की बाळ रडेल ते मिनिटभर.
ज्या थोड्या बाळांना दोन्ही देऊनही लागण होते त्यांच्या आयांमध्ये बहुतेक वेळा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, खूप जास्त असतो. म्हणून लोड २ लाखाच्या वर असेल तर आईला साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर ही व्हायरस दाबणारी गोळी देतात. तुमचा लोड केलाय का? नसेल तर उद्याच विचारा, थांबू नका.

शंकेखोर
मध्येच विचारतो, लसीत व्हायरसचाच भाग असतो ना, मग त्याच वेळी अँटिबॉडीज दिल्या तर त्या लसीलाच निष्प्रभ नाही करणार?

नवजात_वॉर्ड
चांगला प्रश्न आहे. म्हणूनच एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी कधीच देत नाही, दोन वेगळ्या मांड्या. तसं दिलं की लसीचा परिणाम कमी होत नाही. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसींचं वेगळं आहे, त्यांच्यात आणि इम्युनोग्लोब्युलिनमध्ये अंतर लागतं, पण त्या लसी इतक्या लहान बाळाला नसतातच.

लॅबवाला
मोठ्यांनाही हेच देतात, माझं सांगतो. पेशंटचं रक्त काढल्यावर सुई बोटात घुसली, पेशंट एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाला आणि मी लसीचा एकच डोस घेऊन बाकीचे टाळलेले, आज लिहितानाही वाईट वाटतं. त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, वजनावर असतं, किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे ५० किलोला ३ मिली, आणि सोबत दुसऱ्या जागी लस. होता होईल तो २४ तासांच्या आत घ्यायचं, सुई टोचल्यावर ७ दिवस उलटले की त्याचा उपयोग होतो असं धरत नाहीत. मला पण दुसऱ्याच्या रक्ताची भीती वाटलेली, पण ज्यांच्या प्लाझ्मात या अँटिबॉडीज भरपूर आहेत असे दाते निवडतात, त्यांच्या एचआयव्ही वगैरे सगळ्या टेस्ट होतात आणि नंतर व्हायरस मारायची प्रक्रियाही असते.
एक चूक तुम्ही करू नका. मी दीड महिन्यात उत्साहाने अँटिबॉडी टेस्ट केली, टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) छान आला, घरी फोन करून सांगितलं सुद्धा. डॉक्टर म्हणाले अहो ह्या तुमच्या नाहीत, इंजेक्शनातल्या आहेत! खरी टेस्ट त्या उतरल्यावर, सहा महिन्यांनंतर. बाळाचंही तसंच, ९ महिन्यांच्या आधी करू नका.
आणि दादा, तुमची स्वतःची टेस्ट झालीय का?

चौतिसावा_आठवडा
सगळ्यांचे मनापासून आभार. फाईल काढून बघितली, लोड आधीच केलेला आहे आणि २००० च्या आत, म्हणून गोळी दिली नव्हती. आईला वरचे सगळे रिप्लाय वाचून दाखवले, ती म्हणाली मग चार सुया द्या पण वेळेत द्या. इंजेक्शन ३६ व्या आठवड्यात आणून ठेवतो असं हॉस्पिटलने कबूल केलं आणि केस पेपरवर लाल पेनने लिहून घेतलंय. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, लसीचा पहिला डोस काल घेतला. एकच राहिलं, अंगावर पाजलेलं चालेल का? बायको तेच विचारून विचारून रडतेय.

नवजात_वॉर्ड
चालेल, पहिल्या तासापासून पाजू दे. निपलला चीर पडून रक्त येत असेल तर ते बरं होईपर्यंत त्या बाजूचं थांबवायचं आणि आम्हाला दाखवायचं. लसीचे पुढचे डोस तारखेवर घ्या, आणि ९ ते १२ महिन्यांच्या मध्ये बाळाचं एचबीएसएजी आणि अँटिबॉडी दोन्ही करा, अँटिबॉडी १० च्या वर हवी. तिला सांगा रडू नकोस, बाळाला जवळ घे.