सायकलला कोणती घंटी बसवू?

मंडळी, मदत हवी आहे. रोज कोथरूडहून डेक्कनला सायकलने जातो. गिअरच्या सायकलसोबत आलेली छोटी टिंगवाली घंटी कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत कुणालाच ऐकू जात नाही. काल एक आजी अचानक समोर आल्या, ब्रेक लागला म्हणून बरं, अजून धडधडतंय.

वडिलांच्या सायकलला होती तशी मोठ्या वाटीची, ट्रिंग ट्रिंग वाजणारी घंटी बसवावी असं फार वाटतं. पण तिच्या आतली दातेरी चाकं पावसाळ्यात गंजून अडकतात. पितळी वाटीचा नाद जास्त वेळ घुमतो, गंजही चढत नाही, म्हणून ओढा तिकडे आहे. हँडल ग्रिपजवळ २२.२ मिमी आहे, मधोमध ३१.८. ग्रिपजवळ ब्रेक-गिअरमुळे जागाच उरत नाही. मधल्या जाड भागावर बसेल अशी पितळी घंटी कुणी वापरली आहे का? इलेक्ट्रिक हॉर्न नको, माणसं दचकतात.