मदत हवी आहे: वारं गेलं अंगावरून, मग आईला हृदयाची गोळी जन्मभर कशाला?

निपाणीजवळच्या खेड्यातून लिहितोय. आई ६४ वर्षांची. उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली, मिश्री अजून सुटलेली नाही. गेल्या महिन्यात सकाळी उठली तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं, बोलायला जाते तर नुसता आवाज. १०८ बोलावून बेळगावला नेलं. सिटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही, डाव्या मेंदूत गुठळी अडकलीय म्हणाले. डॉक्टर एकच विचारत होते, रात्री शेवटचं धड कधी बघितलं? दहाला जेवून झोपली होती. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही.

आता चालते, शब्दही थोडे परत आलेत. पण घरात वाद सुरू झालाय. ईसीजीत ठोके अनियमित निघाले, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या बाजूची झडप आकसलीय असं आलं. रक्त पातळ करायची असिट्रॉम गोळी सुरू केली, सारखी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) तपासायला सांगितलंय. मामा म्हणतात, दुखणं डोक्याचं, छातीत कधी कळ आली नाही, मग हृदयाची गोळी कशाला? शेजारचे एक काका अशाच ठोक्यांसाठी नवी गोळी घेतात, त्यांना रक्त तपासावं लागत नाही. आईला तीच का नको? साध्या ॲस्पिरिनवर भागणार नाही का?

कार्ड इंग्रजीत आणि पथ्याचा कागद कन्नडात. कागद सातवीतल्या मुलीनं वाचून दाखवला, पण तिला विचारून किती विचारणार. कुणी नीट समजावून सांगेल का?

— वखारवाला

---

वखारवाला, मी फिजिशियन आहे, सीमेच्या अलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यात. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे गोळीत फेरफार इथं वाचून करू नका. कारण तेवढं सांगतो.

हृदयाचा वरचा डावा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहिला, की त्यात रक्त साचून राहतं. या कप्प्याला बाजूला एक छोटी पिशवी असते, तिथं गुठळी धरते. ती सुटली की सरळ महाधमनीत, तिथून मानेच्या रक्तवाहिनीत आणि मेंदूत. डाव्या मेंदूत अडकली तर उजवा हात आणि वाचा जाते. आईंचं अगदी हेच झालं. दुखणं दिसलं डोक्यात, पण गुठळी बहुधा छातीतून आली. छातीत कळ न येणं यात काही नवल नाही, पुष्कळांना हे ठोके जाणवतसुद्धा नाहीत. नुसत्या अशा ठोक्यांनीच पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, झडप आकसलेली असेल तर त्याहून बराच जास्त.

झडपेचं मूळ बहुतेक लहानपणी असतं. घसा दुखून ताप, मग सांधे सुजणं. तो संधिवाताचा ताप बरा होतो, पण झडपेवर व्रण ठेवून जातो, आणि त्रास वीस-तीस वर्षांनी वर येतो. आजीला किंवा मावशीला विचारून बघा.

आता काकांची गोळी. ती ज्यांची झडप ठीक आहे त्यांच्यासाठी चांगली आणि सोयीची. संधिवाताच्या तापानं झडप आकसलेल्यांत मात्र नाही. साडेचार हजारांहून जास्त रुग्णांवरचा इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या, रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी दिसले. असिट्रॉम त्याच जातीची. म्हणजे रक्त तपासायची कटकट आहे, पण डॉक्टरांनी गोळी विचार करूनच दिलीय. ॲस्पिरिन या प्रकारच्या गुठळीला पुरेशी अडवत नाही, आणि दोन्ही एकत्र स्वतःच्या मनानं घेतल्या तर रक्तस्राव वाढतो.

इकोचा रिपोर्ट हाताशी असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना एवढं विचारा: झडप किती आकसलीय, फुग्यानं उघडता येईल का? थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, त्यानंही ठोके बिघडतात.

— घाटमाथा

---

आमच्या बाबांना वारं गेलं तेव्हा हृदय चांगलं होतं, पण मानेच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर निघाला. साखर, बीपी आणि चाळीस वर्षं तंबाखू. त्यांना ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळीच दिली. म्हणजे दोघांना एकच रोग असला तरी औषध वेगळं. आणि ज्या नळ्या मानेत बुजतात त्याच छातीतही बुजतात म्हणून डॉक्टरांनी हृदयाचीही तपासणी करायला लावली. मिश्री सोडवा हो आईंची, ती तंबाखूच आहे.

— खानापूरची लेक

---

घाटमाथा, मन:पूर्वक आभार. मोठ्या मावशीला फोन केला. आई आठ-नऊ वर्षांची असताना गुडघे सुजून महिनाभर अंथरुणाला होती, म्हणाली. मामा आता गप्प आहेत. नवी अडचण: पहिली आयएनआर १.४ आली. आम्ही रोज मेथी, पालक, अंबाडी भरपूर खातो, ते बंद करू का? आणि एक जण लकव्याचं इंजेक्शन आणि तेल देतो, पाव्हणे मागं लागलेत.

— वखारवाला

---

आयएनआर साधारण २ ते ३ ठेवायची असते, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते खरं. १.४ म्हणजे रक्त अजून पातळ व्हायला हवंय, गोळी किती वाढवायची ते तेच ठरवतील. भाजी बंद करू नका, बेत एकसारखा ठेवा. आठवडाभर पालक आणि पुढच्या आठवड्यात एकदम शून्य, असं झालं की आकडा इकडं-तिकडं होतो.

ते इंजेक्शन अजिबात नको. या गोळीवर असताना कमरेत सुई टोचली तर आत रक्त साकळतं. शिवाय त्यात काय असतं ते देणाराही सांगत नाही. तेलानं हलक्या हातानं चोळा, पण हात सुधारायचा असेल तर फिजिओथेरपी रोज. दुखण्याची गोळी मेडिकलमधून विचारून आणू नका. दात काढायचा असेल तर आधी असिट्रॉमचं सांगा. काळी शी, लघवीत रक्त, पडून डोक्याला मार, यातलं काही झालं की वाट न बघता दवाखाना.

पुन्हा तोंड वाकडं, हात गळाला, जीभ अडखळली, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि लगेच निघा. ते विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आई असिट्रॉमवर असल्यानं आयएनआर बघूनच ठरेल. म्हणून वही बरोबर न्या.

— घाटमाथा

---

वहीचं मी सांगते. बाबांसाठी नव्हे, सासूबाईंसाठी आम्ही ठेवतो: तारीख, आयएनआर, गोळी किती. कॅलेंडरवर संध्याकाळी गोळी दिली की टिक. गोळी अर्धी, पाऊण अशी बदलते तेव्हा लक्षात राहत नाही. आणि लॅब शक्यतो एकच ठेवा.

— खानापूरची लेक

---

वही आजच आणली. मुलीला लिहायला बसवलंय. फुग्याचं विचारायला सोमवारची वेळ मिळालीय, काय म्हणतात ते इथंच टाकतो.

— वखारवाला