हार्डवेअर वॉलेट घेतलं म्हणजे निश्चिंत?
हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनसारख्या चलनाच्या गुप्त किल्ल्या ठेवणारं छोटं यंत्र) घेतलं की निर्धास्त झोपा, असं सांगितलं जातं. चोरीपुरतं बऱ्याच अंशी खरं, पण गोपनीयता ही वेगळीच भानगड आहे. अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीचंच बघा. २०२० मध्ये त्यांच्या ग्राहकांची यादी फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. यंत्राला धक्काही लागला नव्हता, फुटला तो विक्रीचा डेटाबेस. पुढच्या वर्षी काहींच्या घरी चक्क पार्सल आलं: सीलबंद खोक्यात हुबेहूब लेजर आणि कंपनीच्या नावाचं पत्र, की सुरक्षेसाठी यंत्र बदलून देतोय. आत पेनड्राइव्हची चिप डकवलेली. कॉम्प्युटरला लावून आपले २४ शब्द (वॉलेट परत उघडायची गुप्त किल्ली) टाइप केले की ते चोराच्या हाती, खेळ खल्लास.

शब्द टाकायचे ते यंत्रावरच. स्क्रीनशॉट काढणं, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं, सगळं बाद. कागद बरा (पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी).

आणि ‘बिटकॉइन निनावी असतं’ असंही म्हणतात, ते काही पटत नाही. ब्लॉकचेनवरचा (म्हणजे बिटकॉइनच्या खुल्या नोंदवहीतला) प्रत्येक व्यवहार कुणालाही दिसतो. केवायसी झालेल्या एक्स्चेंजवरून (कॉइन खरेदी-विक्रीच्या बाजारातून) कॉइन आपल्या वॉलेटवर काढले, की वॉलेटचा तो पत्ता (कॉइन जिथे जमा होतात तो अक्षर-आकड्यांचा क्रमांक) तुमच्या पॅनशी जोडता येतोच. दर वेळी नवा पत्ता वापरा, पण पुढे सगळी शिल्लक एकाच व्यवहारात पाठवलीत तर ते पत्ते पुन्हा एका माळेत येतात. स्पॅरो या कॉम्प्युटरवरच्या वॉलेट प्रोग्रॅममध्ये कुठली नाणी खर्चायची ते निवडता येतं, म्हणजे हे टाळता येतं.