सल्ला हवा: जुनी आयडीई हार्ड डिस्क नव्या पीसीला कशी जोडू? बजेट ७०० रुपये

गिरगाव_वाडीकर
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका एका ४० जीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. सगळं काम पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये, त्या वेळच्या मराठी फाँटात. पुढच्या वर्षी मंडळाला शंभर वर्षं होतायत, म्हणून तो मजकूर हवाय. डिस्क साडेतीन इंची, आयडीई म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, मागे ४० पिना, चपटी रुंद पट्टी लागते ती. माझ्या नव्या मदरबोर्डवर तसं सॉकेटच नाही. जुना कॅबिनेट माळ्यावर आहे. पंखा फिरतो, पडद्यावर काही येत नाही. कुठला कन्व्हर्टर घेऊ? पैसे मंडळाचे आहेत, ७०० च्या वर जाणार नाही.

ग्रँटरोड_पूर्व
सरळ लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार गाठा. यूएसबी ते आयडीई-साटा असा कन्व्हर्टर मागा (साटा म्हणजे आयडीईनंतरची जोडणी). त्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना ते बघून घ्या, कारण साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. काही दुकानदार लॅपटॉपच्या डिस्कचा कन्व्हर्टर गळ्यात मारतात, त्याला ४४ पिना असतात आणि वीज त्याच पिनांतून जाते. तो तुमच्या कामाचा नाही. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

पार्ले_पूर्व_माई
मी म्हणते तात्पुरतं कशाला करायचं? चार डिस्कवाला नॅस घ्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडायची साठवणीची पेटी. मी गेल्या दिवाळीत घेतला, घरच्या सगळ्यांचे फोटो त्यात आहेत. एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही. मंडळाची शंभर वर्षं म्हणजे थोडा खर्च करायलाच हवा.

गिरगाव_वाडीकर
माई, नॅसच्या किमतीत आमचा मांडव उभा राहील. शिवाय ही डिस्क त्यात बसणारच नाही ना?

पार्ले_पूर्व_माई
ही नाही बसणार. पण पुढे उपयोगी पडेल.

जुनं_ते_सोनं_ठाणे
पिना ४० नाहीत, ३९ आहेत. विसावी मुद्दाम गाळलेली असते, केबल उलटी बसू नये म्हणून. आणि यूएसबी कन्व्हर्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. मी अजून पेंटियम ४ चं मशिन चालू ठेवलंय, त्यावर खरं आयडीई सॉकेट आहे. केबल ८० तारांची घ्या. निळं टोक मदरबोर्डला, काळं शेवटचं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला (एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली मास्टर, दुसरी स्लेव्ह). एकच डिस्क असेल तर ती शेवटच्या काळ्या टोकालाच लावायची. मधे लावून पुढचा तुकडा लोंबकळत ठेवला की सिग्नल त्या मोकळ्या टोकावरून उलटा फिरतो.

कांदिवली_लोकल
लॅमिंग्टन रोड +१. कन्व्हर्टर घ्या.

निवृत्त_बीई_दादर
८० तारा म्हणजे ८० पिना असा बऱ्याच जणांचा समज असतो, म्हणून सांगतो. कनेक्टर तोच, ४० चा. वाढलेल्या ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या, प्रत्येक दोन तारांच्या मधे एक. या केबलमधून १६ बिट एकाच वेळी शेजारी शेजारी धावतात. वेग वाढवला की एका तारेतला सिग्नल शेजारच्या तारेत झिरपतो. ३३ एमबी प्रति सेकंदापर्यंत ४० तारांनी निभावलं, ६६ पासून मधे ग्राउंड घालावी लागली. केबलची लांबीही १८ इंचांत ठेवायची. शेवटी १३३ ला ही गाडी थांबली आणि २००३ पासून साटा आलं, त्यात बिट एकामागून एक जातात. वाडीकर, तुमच्याकडे ४० तारांची जुनी पट्टी असेल तरी चालेल, फक्त वेग कमी मिळेल.

स्कझी_प्रेमी
आयडीईत एका केबलला दोनच उपकरणं. स्कझीत, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या जोडणीत, सात लागायची, प्रत्येकाला आपला आयडी, आणि मास्टर-स्लेव्हची भानगड नाही. आमच्या प्रेसमध्ये स्कॅनरसुद्धा स्कझीवर होता.

जुनं_ते_सोनं_ठाणे
आणि केबलच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल उलटा फिरू न देणारा तुकडा, विसरलात की सगळंच बंद. शिवाय किंमत सांगा की स्कझीची! घरोघरी आयडीईच पोचलं, कारण कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारं सर्किट, डिस्कवरच असल्यामुळे ते स्वस्त पडायचं.

स्कझी_प्रेमी
स्वस्त आणि चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भांडुप_संध्या
दादा, वीज जोडताना जपा. आमच्या ऑफिसची अशीच डिस्क एका दुकानात दिली होती. तिथल्या मुलाने चार पिनांचा मोलेक्स, म्हणजे विजेचा प्लग, उलटा रेटून बसवला. त्यात पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५. पाचाच्या जागी बारा गेले आणि खालचा हिरवा बोर्ड जळाला, वास सगळ्या दुकानभर. पाच वर्षांची बिलं गेली आणि वर तपासणीचे पैसेही मागितले. मोलेक्सचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात, ते जुळवूनच लावा. पट्टीची लाल कड म्हणजे पिन १, ती बहुतेक डिस्कवर वीजेच्या सॉकेटकडे येते.

ग्रँटरोड_पूर्व
संध्याताईंनी लाख मोलाचं सांगितलं. कन्व्हर्टर लावताना जंपर मास्टरवर ठेवा. पिनांच्या शेजारी छोटी टोपी असते ती, कुठे लावायची याची आकृती डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते. स्लेव्हवर राहिली तर बरेच कन्व्हर्टर डिस्क ओळखतच नाहीत आणि माणूस डिस्क मेली समजून टाकून देतो.

कॉटनग्रीन_डेटा
डिस्क फिरताना टक्-टक् आवाज आला तर लगेच बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. आवाज नसेल तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढा, मग त्या इमेजवरच काम करा. इतकी जुनी डिस्क पुन्हा किती वेळा सुरू होईल कुणी सांगू शकत नाही. त्यावर काही लिहू नका, विंडोज तर चालवूच नका.

कांदिवली_लोकल
हो, इमेज काढा. आणि कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडलाच घ्या.

मालाड_रिपेअर
कॅबिनेटचा पंखा फिरतोय आणि डिस्प्ले नाही, यात निम्म्या वेळा रॅम असते. मुंबईच्या दमट हवेत सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात. रॅम काढा, पांढऱ्या खोडरबरने दोन्ही बाजू घासा, कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही कुलुपं टक्कन लागेपर्यंत दाबा. फुकटातलं काम आहे.

गिरगाव_वाडीकर
सगळ्यांचे आभार. मालाडवाल्या दादांचं ऐकून खोडरबर फिरवला आणि मशिन सुरू झालं! मदरबोर्डवरचा सीमॉसचा सेल संपलाय म्हणून तारीख चुकीची दाखवतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे मशिनच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव आलं आणि विंडोज ९८ सुद्धा उघडलं. आवाज स्वच्छ आहे.

आता कन्व्हर्टर घेत नाही. इमेजही आधी काढत नाही. नव्या पीसीवर फाइली आणल्या तरी तिथे ना पेजमेकर, ना तो फाँट. सगळी अक्षरं गिचमिड दिसणार. इथे स्मरणिका जशीच्या तशी उघडते, मुखपृष्ठावरच्या नक्षीसकट. म्हणून सगळं याच मशिनवरून काढणार.

कॉटनग्रीन_डेटा
वाडीकर, माझा याला ठाम विरोध आहे. आधी प्रत, मग काम. फाँटच्या फाइलीही इमेजमध्ये येतातच.

गिरगाव_वाडीकर
तुमचं म्हणणं पटतंय, पण इमेज ठेवायला रिकामी डिस्क आणि कन्व्हर्टर मिळून ७०० च्या वर जातं. समितीत पुन्हा विषय मांडायला गणपती उजाडेल. आजच बसतो.

जुनं_ते_सोनं_ठाणे
विंडोज ९८ पेनड्राइव्ह आपोआप ओळखत नाही, ड्रायव्हर लागतो.

गिरगाव_वाडीकर
आत सीडी रायटर आहे, दुसऱ्या आयडीई केबलवर.

निवृत्त_बीई_दादर
मग पोस्टस्क्रिप्ट (पान छापायची भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर निवडून 'प्रिंट टू फाइल' करा. फाँट त्या फाइलीत बसवण्याचा पर्याय चालू ठेवा. ती फाइल नव्या पीसीवर नेऊन पीडीएफ करता येईल. सुरुवात सगळ्यात जुन्या स्मरणिकेपासून करा, आणि फाँटचं फोल्डर पहिल्याच सीडीवर उतरवा.

गिरगाव_वाडीकर
सर, फाँटचं फोल्डर आत्ताच सीडीवर उतरवतोय. खर्च फक्त सेलचा आणि कोऱ्या सीडींचा. सेल सीआर २०३२ च ना?

मालाड_रिपेअर
हो, तोच. छापील बाजू वर.

पार्ले_पूर्व_माई
सीडी फार टिकत नाहीत हो. नॅसचा विचार करून ठेवा.